वहिनी कुणाच्या बाजूने?

राष्ट्रीय संघाशी सामना खेळायचा आहे ही बातमी आली, तेव्हा वहिनी एका सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तुटलेली स्प्रिंग शोधत होती. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला. पलीकडून क्लबची कप्तान बोलत होती. कप्तान इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होती, त्यामुळे कितीही भयंकर गोष्ट ती गाई-गाई केल्यासारख्या आवाजात सांगायची.

"शनिवारी एक छोटासा सामना ठेवलाय," कप्तान म्हणाली. "काळजीचं काही नाही."

"कुणाशी?"

"राष्ट्रीय संघाशी."

नेमक्या त्या क्षणी स्प्रिंग सापडली. खरं तर स्प्रिंगलाच वहिनीचा अंगठा सापडला. ती जी ओरडली ते अंगठ्यामुळे की बातमीमुळे, हे कप्तानला शेवटपर्यंत कळलं नाही.

झालं होतं असं, की बायकांचा राष्ट्रीय रग्बी संघ परदेश दौऱ्यावर निघायचा होता. त्याआधी एका पाहुण्या संघाशी सराव सामना ठरला होता आणि ऐन वेळी पाहुण्या येऊ शकल्या नाहीत. आता मैदान तयार, रेफरी तयार, आणि समोर कुणीच नाही. मग शोधाशोध झाली. त्याच शहरात बूट असलेल्या आणि एकमेकींना ओळखणाऱ्या पंधरा बायका फक्त एकाच ठिकाणी होत्या: संध्याकाळच्या क्लबात. दिवसभर आपापली कामं उरकून या बायका दिवे लागायच्या सुमारास मैदानावर जमायच्या, एकमेकींना मातीत लोळवायच्या आणि लंगडत, हसत घरी जायच्या. कुणी भूल द्यायची, कुणी पत्रं वाटायची, कुणी शाळेत गणित शिकवायची. वहिनी जुने सोफे दुरुस्त करायची.

तिला सगळा क्लब वहिनीच म्हणायचा, कारण तिला तिथे आणलं तिच्या नणंदेने. आणि आता या गोष्टीतली खरी गंमत अशी, की ती नणंद राष्ट्रीय संघात होती.

नणंदेचं घरातलं नाव चिऊ. हे नाव ठेवलं तेव्हा ती बोटभर होती. आता दारातून आत आली की खोलीतला उजेड कमी व्हायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. चिऊ रग्बी खेळायला लागली तेव्हा तिला घरी धडका मारायला काहीतरी हवं होतं. वहिनीने जुन्या सोफ्यांमधला फोम भरून, वर जाड रेक्झिन चढवून तिला एक भलीमोठी उशी शिवून दिली. उशी धरून उभं राहायचं काम ओघाने वहिनीकडेच आलं, कारण नवरा पहिल्याच धडकेला खुर्चीसकट उलटा झाला होता. रोज संध्याकाळी चिऊ धावत यायची, धडकायची, वहिनी मागे सरकायची. असे महिने गेले. एके दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, डोकं तापलेलं होतं, आणि वहिनी मागे सरकलीच नाही. उलट पुढे झाली. चिऊ थेट चपलांच्या कपाटात जाऊन बसली.

कपाटातूनच ती म्हणाली, "वहिनी, तू उद्यापासून क्लबात येतेयस."

सोफ्याचे पट्टे ताणून ताणून वहिनीचे हात आणि खांदे असे झाले होते, की तिला प्रॉपची जागा आपोआप मिळाली. रग्बीत जो स्क्रम असतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणी डोक्यात डोकी अडकवून एकमेकींना रेटतात तो प्रकार, त्यात सगळ्यात पुढे तिघी असतात. मधली हूकर, ती मध्ये टाकलेला चेंडू पायाने मागे खेचते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. हूकर या दोघींच्या खांद्यांवर हात टाकून जवळजवळ लोंबकळत असते. चिऊ हूकर होती.

सामन्याच्या दोन दिवस आधी चिऊ शिबिरातून सुट्टी काढून घरी जेवायला आली.

"आई, तू शनिवारी कुणाच्या बाजूने ओरडणार?" तिने बसल्या बसल्या काडी टाकली.

वहिनीच्या सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. त्यांचा आवाज स्वच्छ, खणखणीत आणि कुठल्याही भिंतीतून पार जाणारा. त्या म्हणाल्या, "मी कुणाच्याच नाही. मी रेफरीच्या बाजूने. बिचारा एकटा असतो."

"आणि दादा?"

"मी बाहेर पाणी घेऊन उभा राहीन," नवरा घाईघाईने म्हणाला. "दोघींसाठी."

"वहिनी, तू काळजी करू नकोस," चिऊ म्हणाली. "मी आमच्या पोरींना सांगून ठेवलंय, ही घरची आहे, हिला मोडू नका, फक्त दुमडा."

"तुमच्या पोरींना हेही सांग, की तू चपलांच्या कपाटात कशी दिसतेस," वहिनी म्हणाली. सासूबाई हसता हसता ठसकल्या. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं, म्हणजे त्याचा सराव तिथूनच सुरू झाला.

हसणं-खिदळणं चाललं होतं, पण वहिनीचं लक्ष चिऊच्या ताटाकडे होतं. एरवी दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारी ही मुलगी आज अन्न नुसतं इकडून तिकडे ढकलत होती. भांडी विसळताना वहिनीने हळूच विचारलं, "काय गं, काय बिनसलंय?"

"कुठे काय?"

"चिऊ."

चिऊने एकच पेला तीनदा पुसला. मग म्हणाली, "स्क्रम आपटतोय आमचा. मी मधे असले की आपटतो. दुसरी हूकर आहे ना, ती नवीन, ती असली की टिकतो. प्रशिक्षकबाईंनी अजून दौऱ्याची नावं सांगितली नाहीत. शनिवारनंतर सांगणार आहेत." मग एकदम नेहमीचा चेहरा करून म्हणाली, "म्हणून तर तुला दुमडायला लागणार."

वहिनीने तिच्या हातातला पेला काढून फळीवर ठेवला. त्या रात्री झोपताना नवऱ्याने विचारलं, "तू तिला मुद्दाम जिंकू देणार आहेस का?" तेव्हा ती म्हणाली, "अरे, ती राष्ट्रीय संघात आहे. मी मुद्दाम काही करायची तिला गरज नाही. आणि मला ते जमायचंही नाही."

शनिवारी मैदानावर क्लबच्या बायका पोचल्या तेव्हा समोरचा संघ व्यायाम करत होता. सगळ्या एका वेळी उडी मारायच्या आणि एका वेळी खाली यायच्या. जमीन हलायची.

"आपण काय करायचं?" टाचणीने विचारलं. टाचणी म्हणजे क्लबातली पत्रं वाटणारी. अंगाने काटकुळी, बोलण्याने टोकदार, आणि स्क्रममधून बाहेर आलेला चेंडू उचलून पळायचं काम तिचं.

"आपण श्वास घ्यायचा," कप्तान म्हणाली. "हळूहळू. दहापर्यंत मोजा."

"म्हणजे झोप लागेल?"

"लागली तर बरंच," कप्तान म्हणाली.

पहिल्या अर्ध्या तासात जे झालं, त्याचं फार वर्णन नको. राष्ट्रीय संघाच्या मुली धावत यायच्या आणि क्लबच्या बायका त्यांच्या वाटेत यायच्या, एवढंच. गणिताच्या बाईंनी एकीला अडवायला हात पसरले तर ती हाताखालून गेली. दुसरीला अडवायला खाली वाकल्या तर ती वरून गेली. टाचणीला एकदा चेंडू मिळाला आणि तिने अशी धूम ठोकली, की सगळे खूश झाले. मग लक्षात आलं, ती आपल्याच बाजूला पळतेय. सासूबाई पहिल्या ओळीत बसून खणखणीत आवाजात रेफरीला सांगत होत्या, "अहो, त्यांना जरा बसू द्या ना मधे!"

स्क्रम मात्र वेगळा होता. पहिल्यांदा दोन्ही बाजू एकमेकींत शिरल्या तेव्हा चिऊचा कान वहिनीच्या कानाला घासला.

"काय वहिनी, बरं आहे ना?" चिऊने खालून विचारलं.

"बरं आहे. तू सकाळी खाल्लंस का काही?"

"अगं, रेट आता!"

चेंडू आत आला आणि राष्ट्रीय संघाने रेटा दिला. क्लबचा स्क्रम भसाभस मागे गेला, पण सगळा नाही. वहिनी होती त्या कोपऱ्यात तो तिथेच राहिला. डावीकडची बाजू मागे, वहिनी जागेवर, त्यामुळे अख्खा स्क्रम दार उघडावं तसा गोल फिरला आणि कोसळला. रेफरीने पुन्हा लावला. पुन्हा तेच. वहिनीला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. तिने रेफरीची माफीसुद्धा मागितली. "माफी कसली?" तो म्हणाला. "तुम्ही तेवढ्याच उभ्या आहात."

बाहेर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. पांढरे केस, बारीक डोळे. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, पण कधीतरी ते दिसेल ही आशा चिऊने पूर्णपणे सोडली नव्हती.

मध्यांतराच्या थोडं आधी राष्ट्रीय संघाची एक प्रॉप घोटा मुरगळून बाहेर गेली. बदलीची प्रॉप सकाळपासून कंबर धरून बाकावर बसलेली. आता नियम असा, की पुढच्या फळीत तयारीच्या तिघी नसतील तर रेटायचंच नाही. नुसतं एकमेकींत डोकं घालून उभं राहायचं, चेंडू टाकायचा, उचलायचा. प्रशिक्षकबाईंना नेमकं तेच नको होतं. स्क्रम का आपटतो हे बघायला तर त्या आल्या होत्या.

मध्यांतरात त्या मैदान ओलांडून क्लबच्या बायकांकडे आल्या. सगळ्या गवतावर आडव्या पडल्या होत्या, त्या कशाबशा उठून बसल्या.

"तुमची ही प्रॉप," प्रशिक्षकबाई कप्तानला म्हणाल्या, "उरलेल्या वेळासाठी मला द्याल का?"

कप्तानने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मागे वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं.

"मला?" ती म्हणाली.

"तुमचं डोकं सोडून जे काही आहे, ते मला हवंय," प्रशिक्षकबाई म्हणाल्या. हा विनोद होता की सूचना, कुणाला कळलं नाही.

"न्या," कप्तान शांतपणे म्हणाली. "पुढच्या फळीत मी येते, पूर्वी प्रॉपच खेळायचे. पण परत करा. तिच्याकडे माझ्या दिवाणखान्याच्या खुर्च्या आहेत."

"फितूर!" टाचणी ओरडली. मग सगळ्याच ओरडल्या, "फितूर! फितूर!" आणि गणिताच्या बाईंनी वहिनीच्या पाठीवर असा एक गुद्दा घातला, की त्यात शिव्या किती आणि कौतुक किती हे सांगता येत नव्हतं.

वहिनीने क्लबची चिखलाने माखलेली जर्सी काढली आणि राष्ट्रीय संघाची चढवली. ती जरा घट्ट होती. छातीवरच्या चिन्हावर तिने नकळत हात फिरवला, मग कुणी पाहिलं की काय म्हणून दंड खाजवल्यासारखं केलं. पाहिलं होतं. पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या असलेल्या नवऱ्याने. त्याने दोन्ही हात वर करून टाळी वाजवायला घेतली आणि सगळ्या बाटल्या पायावर पाडून घेतल्या.

"आता मी कुणाच्या बाजूने ओरडू?" सासूबाईंनी अख्ख्या मैदानाला विचारलं.

पहिलाच स्क्रम. चिऊने एक हात डावीकडच्या प्रॉपच्या पाठीवरून टाकला, दुसरा वहिनीच्या. आणि वहिनीला कळलं, की तो हात थरथरतोय. अगदी बारीक, शिवणयंत्राखाली कापड थरथरतं तसा. समोरून पाहिलं तेव्हा हे दिसलं नव्हतं. समोरून नुसती चिऊची बत्तीशी दिसत होती.

"अशी अलगद काय धरतेस?" वहिनी कुजबुजली. "मुठीत जर्सी पकड माझी."

"फाटेल."

"फाटली तर मी शिवीन. लोंबकळ. सगळं वजन टाक माझ्यावर."

"मी जड आहे, वहिनी."

"तीन मजले सोफा चढवते मी जिन्यावरून. तू काय आहेस त्यापुढे? चिऊ आहेस."

चिऊ हसली. हसली तशी तिची मूठ आवळली गेली, आणि तिने खरोखरच सगळा भार टाकला. रेफरीची हाक आली. डोकी भिडली. समोर आता वहिनीच्याच मैत्रिणी होत्या. कप्तानचा मऊ आवाज अगदी नाकासमोरून आला, "वहिनी, तुझं कधी ऑपरेशन निघालंच, तर माझ्याकडे येऊ नकोस. मी भूल देणार नाही."

चेंडू आत आला. वहिनीने जमिनीत पाय रोवले. काही आपटलं नाही, काही फिरलं नाही. चिऊचा पाय सपकन पुढे गेला आणि चेंडू मागे, जिथे जायला हवा तिथे. पुढचा स्क्रम तसाच. त्याच्या पुढचाही. प्रशिक्षकबाईंनी हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली, फक्त हात बदलले. चिऊ म्हणाली, ही फार मोठी गोष्ट आहे.

इथवर सगळं छान चाललं होतं, म्हणून वहिनीला वाटायला लागलं, की आपल्याला हे जमतंय. घोळ तिथेच झाला.

राष्ट्रीय संघ आपल्याच गोलरेषेजवळ होता. कुणाच्या तरी हातून चेंडू निसटला, टप्पा घेत वहिनीच्या पायाशी आला. तिने तो उचलला. आजवर कधी तिच्या हातात चेंडू फार वेळ राहिलेला नव्हता. प्रॉपचं काम रेटायचं, चेंडू आला की जवळच्या कुणाला तरी द्यायचा आणि पुन्हा रेटायला जायचं. अंगावर तिघी-चौघी येताना दिसल्या आणि तेवढ्यात उजवीकडून रोजचा, ओळखीचा, कान किटेपर्यंत ऐकलेला आवाज आला:

"वहिनी, दे!"

वहिनीने दिला. सुरेख पास होता. क्लबात तीन वर्षांत तिच्याकडून इतका सुरेख पास गेला नव्हता. चेंडू अलगद टाचणीच्या हातात पडला, टाचणी चार ढांगांत रेषेपलीकडे पोचली आणि चेंडूवर पालथी पडली. ट्राय! म्हणजे क्लबला पाच गुण.

मैदानावर एक क्षण कुणालाच काय झालं ते कळलं नाही. सगळ्यात आधी कळलं वहिनीला. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, मग अंगातल्या जर्सीकडे पाहिलं, मग मटकन खाली बसली.

रेफरीने टाचणीला बोलावलं. "तुम्ही समोरच्या संघातल्या खेळाडूला हाक मारून फसवलंत का?"

"नाही हो," टाचणी म्हणाली. तिचा चेहरा इतका निष्पाप होता, की तिच्या स्वतःच्या संघाचाही तिच्यावरचा विश्वास उडाला. "सवयीने तोंडातून गेलं. तीन वर्षं हिलाच हाका मारतेय मी."

रेफरीने राष्ट्रीय संघाच्या कप्तानकडे पाहिलं. ती गुडघ्यावर हात ठेवून हसत होती. "राहू द्या," ती म्हणाली. "दिलाय तो आमच्याच खेळाडूने."

मग क्लबच्या बायकांनी जो गलका केला, तो ऐकून कुणालाही वाटावं, की त्या जिंकतायत. त्या सत्तर गुणांनी मागे होत्या. सासूबाई उभ्या राहून ओरडल्या, "सूनबाई! नक्की कुठे आहेस तू?"

चिऊ वहिनीजवळ आली. वहिनी म्हणाली, "चिऊ, मी तुझं वाटोळं केलं गं."

"माझं काही नाही झालं. तुझं झालं," चिऊ म्हणाली आणि हात देऊन तिला उठवलं. "आता मरेपर्यंत ऐकवणार मी. मूल झालं की त्यालाही सांगणार. ऊठ, स्क्रम बाकी आहेत."

सामना संपल्यावर दोन्ही संघ एकाच खोलीत चहाला बसले. टाचणी आपला ट्राय तिसऱ्यांदा सांगत होती आणि दर वेळी पळायचं अंतर वाढत होतं. प्रशिक्षकबाई वहिनीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. वहिनीने लाजत लाजत तो हातात घेतला.

"जर्सी," प्रशिक्षकबाई म्हणाल्या.

"अं? हो, हो." वहिनीने कानापर्यंत लाल होत ती डोक्यावरून ओढून काढली, नुसत्या बनियनमध्येच बसून जर्सीची नीट घडी घातली, बाह्या आत, चिन्ह वर. देताना मात्र हात जरा रेंगाळला.

प्रशिक्षकबाईंनी ते पाहिलं असावं. "आम्ही दौऱ्यावर निघेपर्यंत तुम्ही रोज सकाळी मैदानावर याल का?" त्यांनी विचारलं. "समोरच्या बाजूने रेटायला. माझ्या पोरींना न हलणारं काहीतरी हवंय."

"माझं दुकान उघडायचं असतं दहाला."

"नऊला सोडते. आणि पासाचा सराव करायला सांगणार नाही."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. चिऊने ते पाहिलं आणि शेजारणीला इतक्या जोरात कोपर मारलं, की तिचा चहा सांडला.

घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर वहिनी आणि चिऊ होत्या. पुढे सासूबाई नवऱ्याला सांगत होत्या, की बाटल्या धरायलाही एक अक्कल लागते. चिऊ खिडकीबाहेर बघत होती. मग न वळता म्हणाली, "तुला कळलं होतं ना, हात थरथरत होता ते?"

"कुणाचा?" वहिनी म्हणाली.

चिऊने तिच्या दंडाला चिमटा काढला आणि मग तसंच डोकं तिच्या खांद्यावर टेकवून झोपी गेली. खरंच जड होती. वहिनीचा तो खांदा सामन्यात चांगलाच ठेचला होता. पण घर येईपर्यंत तिने तो हलवला नाही.

चिऊचं नाव यादीत आलं. पहिल्या पंधरात नाही, बदली म्हणून. दौऱ्यातला पहिला सामना संघ हरला. दुसऱ्यात शेवटच्या वीस मिनिटांसाठी चिऊ मैदानात उतरली. त्या वेळी वहिनी दुकानात होती, आणि एक म्हातारे वकील आपला सोफा झाला का हे बघायला आले होते. सोफ्याचं कापड उतरवलेलं, स्प्रिंगा उघड्या. त्यावर एक फळी टाकून दोघं दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर बसले. वकिलांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बसायला मिळालं म्हणून ते खूश होते.

स्क्रम लागला. चिऊचे हात दोन्ही बाजूंना पसरले आणि मुठी आवळल्या गेल्या. चेंडू आत आला.

"बाई," थोड्या वेळाने वकील अदबीने म्हणाले, "तुम्ही मला रेटताय. मी आता कडेला आलोय."

"जरा थांबा हो," वहिनी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "अजून चेंडू बाहेर आला नाही."